नुसत्या नेमावर

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या घराचा ड्राइव्हवे उताराचा आहे. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत तो चांगलाच खाली जातो आणि बर्फ पडलं की गाडी बाहेर काढताना जीव मुठीत धरावा लागतो. मुलगी नऊ वर्षांची असताना मी गॅरेजच्या दारावर बास्केटबॉलची रिंग लावून घेतली, तेव्हा या उताराचा विचारच केला नव्हता. शॉट चुकला की बॉल बोर्डावर आपटून सुटायचा, गडगडत रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या काकांच्या लॉनवर जाऊन थांबायचा. काका पुण्याचे, रिटायर्ड इंजिनियर, इथे चाळीस वर्षं काढलेले. पहिल्याच आठवड्यात ते बॉल हातात घेऊन आले आणि मुलीला म्हणाले, "बाळा, चुकवायचाच असेल तर डावीकडे चुकव. उजवीकडे माझे गुलाब आहेत."

तिने ते फार मनावर घेतलं. प्रत्येक चुकीसाठी गाड्या बघत रस्ता ओलांडायचा, काकांच्या खिडकीकडे बघत बॉल उचलायचा, पुन्हा चढ चढून यायचं. त्यापेक्षा न चुकवणं सोपं, असं तिने ठरवलं असावं. शिवाय उतारावर उभं राहून मारायचं असल्याने रिंग आहे त्यापेक्षा उंच पडायची. त्यामुळे तिच्या शॉटला एक उंच कमान आली. बॉल वर जायचा, क्षणभर कुठे जावं ते ठरवल्यासारखा थांबायचा आणि जाळीतून खाली यायचा. मी रिंगखाली उभी असायचे. बॉल धरायचा आणि तिला परत द्यायचा, एवढंच माझं काम.

त्या वर्षी तिचे बाबा आमच्यापासून वेगळे होऊन टेक्सासला गेले होते. भांडणं आधीच्या वर्षांत करून संपली होती. शेवटी तर आम्ही एकमेकांशी बँकेतल्या माणसांसारखे नम्रपणे बोलायचो. मी औषधांच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. गोळ्या ठरलेल्या वेळात विरघळतात की नाही ते तपासायचं. चार-साडेचारला घरी यायचे तेव्हा मुलगी पायरीवर बसलेली असायची. शाळेत काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणायची. मलाही सांगण्यासारखं काही नसायचं. रिंग लावल्यावर निदान संध्याकाळचे दोन तास आम्हाला बोलायची गरज उरली नाही.

हायस्कूल संपेपर्यंत ती तालुक्यात, म्हणजे इथल्या काउंटीत, नावाजलेली शूटर झाली होती. लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या शॉटला तीन गुण मिळतात आणि तिचे बहुतेक शॉट तिथूनच असायचे. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजने तिला शिष्यवृत्तीवर घेतलं. आमच्या घरापासून ते तीन तासांवर. चार वर्षं मी तिची घरच्या मैदानावरची जवळजवळ प्रत्येक मॅच बघितली. शनिवारी सकाळी थर्मासमध्ये चहा भरायचा, पोळीभाजीचा डबा घ्यायचा आणि निघायचं. बाकीच्या मुलींचे आईवडील एकसारखे टी-शर्ट घालून एकत्र बसायचे. ती माणसं चांगली होती. मला हात करून बोलवायची. मी एक-दोनदा गेले. पण त्यांच्या गप्पा चालायच्या जुन्या मॅचेसच्या, एकमेकांच्या कुत्र्यांच्या, समरमधल्या घरांच्या. मी हसून मान डोलवायचे आणि मॅचमधला निम्मा खेळ हुकायचा. मग मी वरच्या रांगेत एकटी बसायला लागले. तिथून सगळं कोर्ट दिसतं.

आपल्या लोकांत ही गोष्ट सांगणं आणखी अवघड. बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही सगळे शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमतो. जयभीम झाला, जेवणाची ताटं हातात आली की कुणीतरी विचारायचं, "ताई, मुलगी काय करते?"

"बास्केटबॉल खेळते."

"ते ठीक आहे. पण मेजर काय?"

"बायोलॉजी."

"हां, मग छान," असं म्हणून माणूस निश्चिंत व्हायचा. मीही पुढे काही बोलायचे नाही. शिक्षणाने आम्हाला इथवर आणलं, त्या हॉलमधल्या प्रत्येकाला आणलं. पोरीला बॉलच्या भरवशावर सोडायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या वर्षातली तिची शेवटची मॅच मला अजून क्रमाने आठवते. पहिल्या अर्ध्यात तिने कोपऱ्यातून चार थ्री मारले आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या टीमने दोन गोष्टी केल्या. त्यांची सगळ्यात लांब हातांची मुलगी तिला चिकटवली, इतकी की तिला बॉल मिळेचना. आणि त्यांच्याकडे बॉल आला की ज्या मुलीवर माझी मुलगी राखणीला असेल, तिच्याच हातात तो द्यायचा. ती मुलगी दोन पावलांत हिच्या पुढे निघून जायची. एकदा, दोनदा, पाच वेळा. वरच्या रांगेतून मला ते येताना आधीच दिसत होतं आणि ओरडून उपयोग नव्हता. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा कोचने तिला बाहेर बोलावलं. ती टॉवेल गळ्यात घेऊन बेंचच्या टोकाला बसली आणि टीम हरली.

नंतर कॉरिडॉरमध्ये मी कोचला गाठलं. साधारण माझ्याच वयाची बाई, आवाज कायम बसलेला. मी विचारलं, पुढे काही होऊ शकेल का? प्रोफेशनल?

तिने हातातला बोर्ड काखेत धरला. मग म्हणाली, "इतका स्वच्छ शॉट असलेली दुसरी मुलगी माझ्या हाताखाली आलेली नाही. पण पुढे कुठेही गेली तरी पहिला प्रश्न एकच येईल. ही कुणाला अडवणार?"

मी तिचे आभार मानले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नागपूरला, मराठीत.

मी स्वतः खेळत होते. मुलीला मी "कॉलेजात थोडंफार खेळायचे" एवढंच सांगितलं होतं. खरं म्हणजे मी विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळले. वडील रेल्वेत कारकून. आमच्या वस्तीपासून वीस मिनिटं सायकल मारली की महापालिकेचं मैदान होतं, सिमेंटची दोन कोर्टं, एका रिंगला जाळी नाही. मी शूटरच होते. राज्याच्या कॅम्पसाठी निवड व्हायची होती त्या वर्षी आमच्या सरांनी मला बाजूला घेतलं. सर मायाळू होते. वस्तीतल्या मुलींना घरी जाऊन, आईवडिलांची समजूत घालून खेळायला आणायचे. ते म्हणाले, "नेम तुझा एक नंबर आहे बेटा. पण वर गेल्यावर अडवशील कोणाले? नुसत्या नेमावर नाही चालत तिथं. तू आपली एम.एस्सी. कर." मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर गेले नाही. एम.एस्सी. केली, नोकरी धरली, लग्न झालं, अमेरिका झाली. सरांचा राग मला कधीच आला नाही. मी त्यांना शहाणा माणूस समजत आले.

त्या मॅचनंतर मुलगी माझ्याबरोबर घरी यायला निघाली. हायवेला लागेपर्यंत ती बुटांच्या नाड्या सोडत होती. मग म्हणाली, "आई, तू कोचशी बोललीस ना? मी बघितलं."

"हो."

"ती काय म्हणाली ते नको. तू सांग. खरं सांग. मी प्रो खेळू शकेन का?"

रस्ता ओला होता, समोर ट्रक होता, आणि मी समोर बघत म्हटलं, "नाही."

एवढ्यावर न थांबता मी पुढे बोलत गेले. तुझा शॉट सुटायला थोडी जागा लागते, वरच्या लेव्हलला ती कुणी देणार नाही. तुझे पाय सावकाश आहेत. तुझी उंची माझ्यावर गेली आहे, त्याला तू काय करणार. मेडिकल लॅबचा कोर्स कर, मी चौकशी करून ठेवली आहे. हे सगळं मी फार शांतपणे, जणू अनेक दिवस पाठ करून ठेवल्यासारखं बोलले.

"ओके," ती म्हणाली.

राहिलेले दोन तास आम्ही त्या एका शब्दावर काढले.

त्या उन्हाळ्यात ती घरीच होती, पण आमच्या रिंगवर तिने एकदाही शॉट मारला नाही. सकाळी बॅग घेऊन पार्कमधल्या कोर्टवर जायची. बॉल आपोआप परत येईल अशी एक जाळी तिने कुठून तरी मिळवली होती. घडी करून गाडीच्या डिकीत ठेवायची. मी कामावर जाताना एकदा मुद्दाम पार्कवरून गाडी घेतली. ती मारत होती, जाळी बॉल परत देत होती, ती मारत होती. मी पाच मिनिटं बघितलं आणि कामाला उशीर होईल म्हणून निघाले. त्या दिवशी लॅबमध्ये एका बॅचच्या नोंदी मी दोनदा चुकवल्या.

जुलैच्या शेवटी जेवताना तिने सांगितलं, पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या क्लबने तिला बोलावलं आहे. कुणा एजंटला व्हिडिओ पाठवले होते. एक सीझन, राहायला फ्लॅट, तो दुसऱ्या एका अमेरिकन मुलीबरोबर.

"मोठी लीग नाहीये," ती म्हणाली. "यू डोन्ट हॅव टु से इट."

"मी काहीच म्हणत नाही," मी म्हटलं. आणि खरंच काही म्हटलं नाही. अभिनंदनही नाही. ते मला चार दिवसांनी सुचलं, तोवर फार उशीर झाल्यासारखं वाटलं.

नेवार्क एअरपोर्टवर बॅगेचं वजन जास्त भरलं. तिने तिथेच जमिनीवर बॅग उघडली आणि भाजणी, मेतकूट, चिवडा असं मी भरलेलं एकेक बाहेर काढून माझ्या हातात दिलं. बूट ठेवायचे होते, तिला दुसरा इलाज नव्हता. तरी ते डबे मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये बसले तेव्हा मला गाडी सुरू करवेना.

क्लबच्या मॅचेस इंटरनेटवर दिसायच्या. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली शनिवारची दुपार. एकच कॅमेरा, तोही एका टोकाला लावलेला, आणि पोर्तुगीजमध्ये घाईघाईने बोलणारा एक माणूस. पडद्याच्या कोपऱ्यात किती लोक बघत आहेत तो आकडा दिसायचा. कधी सतरा, कधी अकरा. काकांना कळल्यावर तेही यायला लागले. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती; शनिवारची दुपार त्यांनाही मोठी वाटत असावी. चहा घेत ते पडद्यावर बोट ठेवून विचारायचे, "ही का आपली?"

"नाही काका, ती बेंचवर. टोकाची."

ती बहुतेक वेळ बेंचवरच असायची. दहा मिनिटांसाठी आत जायची. तीच गोष्ट व्हायची, लांब हातांची कुणीतरी चिकटायची, आणि दुसऱ्या बाजूला हिला ओलांडून कुणीतरी निघून जायची. एकदा तिने मोकळे दोन शॉट चुकवले. मी तिला मोकळे शॉट चुकवताना फार कमी वेळा बघितलं होतं. काका म्हणाले, "आज गुलाबांची खैर नाही." मग माझ्याकडे बघून त्यांनी कप उचलला.

फोन यायचे, पण आखडते. "जेवलीस का?" "हो." "थंडी?" "हो." तिच्याबरोबर राहणारी मुलगी गुडघा दुखावून नोव्हेंबरमध्येच परत गेल्याचंही मला तीन आठवड्यांनी कळलं.

डिसेंबरमध्ये एका मंगळवारी मी लंचला गाडीत बसून डबा खात होते. लॅबच्या कँटीनमध्ये मी हल्ली जात नाही. माझ्या बरोबरीचे सगळे गेले, नवीन मुलं आपापसात बसतात. फोन वाजला.

"आई, बिझी आहेस?"

"नाही. बोल."

"मला वाटतं ते मला परत पाठवणार."

"कोच म्हणाली तसं?"

"कोच काहीच म्हणत नाही. ती माझ्याशी बोलतच नाही."

"मग बोलतं कोण तुझ्याशी?"

"आज? सुपरमार्केटमधल्या बाईला ओब्रिगादा म्हटलं. म्हणजे थँक यू. दॅट वॉज इट. काल बहुतेक कुणाशीच नाही." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "यू वेअर राइट, ओके? तू सांगितलं होतंस."

मी जिंकले होते आणि माझ्या हातात पोळीचा घास तसाच होता. तो डब्यात ठेवून मी तिला सरांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. विद्यापीठाची टीम, बिनजाळीची रिंग, कॅम्प, सर बाजूला घेऊन काय म्हणाले ते, आणि मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही ते.

तिच्याकडून नळ बंद केल्याचा आवाज आला.

"मग सर बरोबर होते का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी थांबलेच नाही ना बघायला."

"आणि तू मला तेच सांगितलंस."

"हो. तेच सांगितलं."

माझ्या गाडीच्या काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं धरलं होतं. लंच संपून दहा मिनिटं होऊन गेली होती. मी म्हटलं, "बाळा, ऐक. मला तुझे पाय दिसतात. मी दर शनिवारी बघते. तू समोरच्या मुलीला थांबवायला जातेस. तू तिला थांबवू शकणार नाहीस. थांबवू नकोस. वळव."

"म्हणजे?"

"तुमची ती उंच मुलगी रिंगखाली उभी असते ना, तिच्याकडे वळव. एक बाजू बंद कर. तिला वाटू दे की ती तुला हरवून चालली आहे. जाईल ती सरळ त्या उंच मुलीच्या हातात. अडवायचं काम तिचं. तू फक्त रस्ता ठरवायचा."

इतकी वर्षं मी रिंगखाली उभी राहून बॉल परत दिला होता, पण खेळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सरांसारखं कुणाचं काही आपल्या तोंडून मोडू नये, अशी भीती होती बहुतेक. आणि शेवटी जे बोलायला नको होतं तेवढंच बोलले होते.

त्यानंतर दर रविवारी मी शनिवारची मॅच पुन्हा लावायचे, थांबवत थांबवत बघायचे आणि तिला एकच गोष्ट लिहून पाठवायचे. एकाच वेळी दोन नाहीत. बॉल हातात यायच्या आधी बघ कोण कुठे आहे. शॉट मारायचा आव आण, ती उडी मारेल, मग तिच्या बाजूने दोन पावलं टाक. उभी राहू नकोस, गुडघ्यात राहा. ती नुसता अंगठा पाठवायची. कधी कधी तोही नाही. पण पुढच्या शनिवारी मला ते कोर्टवर दिसायचं, अर्धवट, चुकत, उशिरा. हिवाळी सुट्टीनंतरही क्लबने तिला परत पाठवलं नाही.

फेब्रुवारीत मी आठ दिवसांची रजा काढून गेले. गाव पावसाळी, दगडी घरांचं. तिचा फ्लॅट बेकरीच्या वर होता आणि आत इतकी ओल, की तिचे बूट सुकवायला ठेवले तर दुसऱ्या दिवशी जास्त ओले वाटायचे. दुसऱ्या मुलीची खोली रिकामीच होती. गादीवर चादर नव्हती. मी त्याच खोलीत झोपले. तिच्या स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, दोन चमचे. मी वरणभात केला. ती भांड्यातच खायला लागली आणि म्हणाली, "सॉरी, सवय झाली."

मी तिचे हात बघितले. बोटांच्या टोकांना थंडीने भेगा पडल्या होत्या.

शनिवारी मॅच. हॉलमध्ये हीटर नाही, लोक कोट घालून बसलेले, बहुतेक म्हातारे पुरुष आणि मुलींच्या घरचे. मी सवयीने वरच्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ती आत आली. समोरच्यांनी लगेच तिच्यावर हल्ला सुरू केला. बातमी सगळीकडे पोचलेली असते. पहिल्यांदा ती मुलगी हिला ओलांडून गेली आणि सरळ आमच्या उंच मुलीवर जाऊन आदळली. बॉल सुटला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मात्र तिने हिला पूर्ण गंडवलं आणि बास्केट केली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने हात हवेत झटकला. मग हिने एक थ्री मारला. पुढच्या वेळी मारायचा आव आणला, चिकटलेली मुलगी हवेत गेली, आणि ही तिच्या बाजूने दोन पावलं टाकून आत शिरली. ते मी इतक्या रविवारी लिहून पाठवलं होतं. प्रत्यक्षात बघताना माझ्या तोंडून "शाबास!" निघालं, खणखणीत, आणि आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली.

शेवटची चार मिनिटं राहिली. दोन्ही टीम बरोबरीत. मी कोचकडे बघत राहिले. ती उठली, कुणाकुणाला बाहेर बोलावलं, पण माझ्या मुलीला नाही. मॅच आम्ही एका बास्केटने हरलो. पण शेवटची शिटी वाजली तेव्हा ती कोर्टवर होती, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत.

फ्लॅटवर जाताना ती म्हणाली, "आज ती माझ्याशी बोलली. कोच."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मंगळवारी लवकर ये." आणि हसली. त्या हिवाळ्यात मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. त्या क्लबने तिला आणखी एक वर्ष ठेवलं. मग ती जवळच्या थोड्या मोठ्या गावातल्या क्लबकडे गेली आणि अजून तिथेच आहे. आठवड्यातून तीन दुपारी शाळेतल्या मुलींना शिकवते, पोर्तुगीजमध्ये. इथल्या, अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ती खेळली नाही आणि खेळणारही नाही. हे तीच सांगते, हवामानाबद्दल बोलावं तितक्या सहज. त्या लीगमधल्या जागा मोजक्या आणि त्या मुली वेगळ्याच. "पण मी रोज सकाळी उठून खेळायला जाते, आई," ती म्हणते. "तेच माझं काम आहे." जयंतीच्या हॉलमध्ये कुणी विचारलं तर मी आता "प्रोफेशनल बास्केटबॉल खेळते" असं सांगते आणि मेजर सांगत नाही. मग समोरचा विचारतो, "म्हणजे जमलं म्हणायचं?" मी हो म्हणते. कॉलेजच्या कोचचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मुलीने जे अजून शिकायचं होतं, ते तिला कधीच येणार नाही असं मी धरून चालले. सरांचं काय, ते मला कळायचा मार्ग उरलेला नाही. ते वारल्याचं बहिणीने बऱ्याच वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं होतं.

हे यश ज्या दिवशी सकाळी पुरेसं वाटतं त्याच दिवशी दुपारी वाटत नाही. काका मागच्या उन्हाळ्यात घर विकून मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले. शनिवारी मी एकटीच मॅच लावते. बघणाऱ्या अकरातली एक मी असते, बाकी दहा कोण ते माहीत नाही. ती जिंकली की उठून कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि मी चहाचा कप विसळते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज आनंदात होता. क्लबने उन्हाळ्यात मुलींचा मोठा कॅम्प ठेवला आहे आणि तो चालवायचं काम तिला दिलं आहे. "सो मी समरला येत नाहीये. चालेल ना?"

"चालेल की. छान झालं."

"नक्की?"

"नक्की. पाय कसा आहे?"

"कोणता पाय?"

"तिसऱ्या क्वार्टरनंतर तू डाव्या पायावर जोर देत नव्हतीस."

ती हसली. "तुला सगळं दिसतं." मग तिला कुणीतरी हाक मारली, पोर्तुगीजमध्ये, तिच्या नावाचा जरा वेगळा उच्चार करून, आणि तिनेही त्याच उच्चाराला ओ दिली. "जाते हं, आई."

मी तिच्यासाठी जुलैचे तीन आठवडे आधीच मागून ठेवले होते. सोमवारी लॅबमध्ये गेल्यावर सुपरवायझरच्या खोलीत जाऊन रजा कॅन्सल केली. तो चांगला मुलगा आहे, त्याने स्क्रीनवरून वर बघून विचारलं, "कुठे जाणार होता?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "घरीच."

मग लॅबचा पांढरा कोट घातला, हातमोजे चढवले आणि सकाळच्या पहिल्या बॅचच्या गोळ्या पाण्यात सोडल्या.